कपातीची खबर

पैसा कमी पडला की तो कोणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो. घरात, शेतात, दुकानात, सरकारात आणि मशिदीच्या जमातीतही ही वेळ येते. कपात न्याय्य की अन्याय्य, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. संघटना बोलतात, पुढारी बोलतात, वर्तमानपत्रे अग्रलेख लिहितात. पण कपात ठरल्यावर ती ज्यांच्या पोटाला लागणार त्यांना कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हा प्रश्न शिष्टाचाराचा मानून सोडून दिला जातो. मला तो हकाचा प्रश्न वाटतो. एखाद्याच्या रोजीविषयीची खबर आपल्या हाती आली, तर ती आपल्या मालकीची की त्याची अमानत, असा तो प्रश्न आहे.

आमचे ईट हे भूम तालुक्यातले, बालाघाटाच्या पट्ट्यातले गाव. पाणी कमी, जमीन हलकी, पावसाचा भरवसा नाही. त्यामुळे या भागातली पुष्कळ घरे दुभत्या जनावरांवर आणि खव्यावर चालतात. कुंथलगिरी, सरमकुंडीकडचा पेढा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना या खव्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. चार-पाच लिटर दूध आटते तेव्हा कुठे किलोभर खवा होतो, आणि तो फार दिवस ठेवता येत नाही. २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी झाली. मिठाईची दुकाने बंद, एसटी बंद, लग्ने बंद. म्हशींना मात्र टाळेबंदी ठाऊक नव्हती. दूध सकाळ-संध्याकाळ येतच राहिले.

खव्याची भट्टी चालवणारा काही कारखानदार नसतो. कढईत दूध हलवणारे दोन-चार गडी, भांडी घासणारी एखादी बाई, लाकूड आणून टाकणारा आणि दूध घालणारी वीस-पंचवीस घरे, एवढा त्याचा व्याप. पण या सगळ्यांपुढे तो साहेबच असतो. त्या दिवसांत दोन तऱ्हा पाहायला मिळाल्या. एकाने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकले की उद्यापासून निम्मेच दूध घेईन, भाव इतका उतरेल, भट्टी एकच पेटेल आणि गड्यांनी आलटूनपालटून यावे. दुसरा काहीच बोलला नाही. दूध घेत राहिला, गडी येत राहिले. हिशेबाच्या दिवशी वही उघडली तेव्हा उतरलेला भाव आणि कापलेली मजुरी कळली. पैशांत पाहिले तर दुसऱ्याने कापले ते पहिल्यापेक्षा थोडे कमीच होते. तरी लोकांच्या मनातली अढी राहिली ती दुसऱ्याबद्दल.

अनेकांना हे लोकांचे अडाणीपण वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्याला पहिल्या आठवड्यात कळले, त्याने दुधाचे दही लावले, तूप कढवले, पेंड उधारीवर आणणे थांबवले, नाहीतर आटत आलेली म्हैस विकायची गोष्ट काढली. ज्याला तीन आठवड्यांनी कळले, त्याने त्या काळात जुन्याच भावाच्या हिशेबाने पेंड आणली होती. पैसा दोघांचाही गेला, पण दुसऱ्याची वेळही गेली. गरिबाकडे पैसा नसतो तेव्हा हातपाय हलवायला वेळ तेवढी उरलेली असते. तीही त्याच्या नकळत खर्चून टाकणे ही कपातीच्या आतली दुसरी कपात आहे, आणि ती कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

बाजारातली एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणाऱ्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले, आणि फसवणारा आपला नव्हे, असे बजावले. या हदीसवर आपले वाझ होतात ते व्यापाऱ्यांसाठी. पण ज्याला पुढच्या महिन्यात पगार कापायचा आहे आणि जो या महिन्यात माणसाकडून पूर्ण पगाराच्या आशेवर काम करून घेतो, त्याची रासही तसलीच आहे. वर कोरडे, खाली ओले. पाऊस पडला हा त्याचा दोष नव्हे. ओल खाली दडवली हा आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. खबर लवकर दिली तर चांगले गडी आधी निघून जातात, उधार देणारा दारात येतो आणि जी भट्टी कदाचित तगली असती ती खबरीनेच विझते. हे खरे आहे, मी ते हसण्यावारी नेणार नाही. शिवाय शंका आणि निर्णय यांत फरक असतो. उठसूट शंका बोलून दाखवणारा मालक माणसांची झोप फुकट उडवतो. पण त्या आक्षेपाच्या तळाशी काय आहे तेही पाहावे. गडी थांबावा म्हणून त्याच्यापासून लपवायचे, याचा अर्थ त्याला कळले असते तर तो ज्या सौद्याला तयार झाला नसता, तो सौदा त्याच्याकडून करून घ्यायचा. ज्या घरात त्याच महिन्यात मुलीची सुपारी फुटणार आहे किंवा बचत गटातून कर्ज उचलले जाणार आहे, त्या घराला नुसती शंकासुद्धा शंका म्हणून सांगावी, असे माझे मत आहे. बंद पडलेल्या साखर कारखान्यांच्या फाटकाबाहेर ‘पुढच्या हंगामात बघू’ या एका वाक्यावर माणसांची वर्षे गेली आहेत. आमच्याच जिल्ह्यात ढोकीचा तेरणा कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला. पुढचा हंगाम नाही, असे जर कोणी वेळेवर म्हटले असते तर पस्तिशीतला माणूस दुसरे काही शिकला असता. पंचेचाळिशीत ते जमत नाही.

सरकारचे उदाहरण त्याच मार्चचे आहे. ३१ मार्च २०२० रोजी तेव्हाचे उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केले की मार्चच्या वेतनातून मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदारांचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के आणि क वर्गाचे २५ टक्के कापले जातील. ड वर्गाचे काहीही कापले जाणार नाही. गदारोळ झाला. लगोलग खुलासा आला की ही कपात नव्हे, वेतन दोन टप्प्यांत मिळेल. या एका प्रसंगात शिकण्यासारखे आणि टाळण्यासारखे दोन्ही आहे. सांगणाऱ्याने स्वतःचा वाटा सर्वात मोठा कापून यादीच्या माथ्यावर आपले नाव घातले आणि शिपायाला हात लावला नाही, ही चढण नेकीची होती. पण ‘कपात’ आणि ‘दोन टप्पे’ यांत महिन्याच्या हप्त्यावर जगणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक पैसा गेलेला, दुसरा अडकलेला. शब्द आधी नक्की करावा आणि मग तोंड उघडावे, एवढी काळजी रोजीच्या बाबतीत घ्यायलाच हवी.

पुढे ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने त्या वर्षीच्या विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लागली आणि नवी भरती व नवी कामे थांबली. तो कागद मंत्रालयातून निघून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला पोहोचला, आणि तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याला समोर बसलेल्या माणसांना त्याचा अर्थ सांगावा लागला. या अधिकाऱ्याबद्दल मला कणव आहे. त्याने कपात ठरवलेली नाही आणि तो ती नाकारूही शकत नाही. म्हणून तो आपल्या सगळ्यांचे पाठ असलेले वाक्य बोलतो, ‘वरून आलंय.’ हे वाक्य खोटे नसते, अर्धे असते. वरून आले ते खरे. पण खाली कोणाला आधी कमी करायचे, कोणाचे काम वाचवण्यासाठी वर दोन ओळी लिहायच्या आणि ही खबर सोमवारी द्यायची की महिनाअखेरीस, हे पुष्कळदा त्याच्याच हातात असते. ‘वरून आलंय’ म्हणताना तो आपल्या हातात असलेले तेवढेही वर पाठवून मोकळा होतो.

कायद्यालाही हे सुचले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वेतनासारख्या सेवाशर्ती बदलायच्या तर आधी नोटीस द्यावी आणि २१ दिवस थांबावे, अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती राहिली. खव्याच्या भट्टीवर तिला कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

आता आपल्या घरातल्या गोष्टींकडे वळतो. सूरह यूसुफ आपण रमजानमध्ये ऐकतो, हजरत यूसुफ (अलै.) यांच्या देखणेपणाच्या आणि सब्राच्या कथा सांगतो. ते इजिप्तच्या कोठारांचे कारभारी होते, आजच्या भाषेत अर्थखाते सांभाळणारे, याकडे आपले लक्ष कमी जाते. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना त्यांनी सात सुकाळाच्या वर्षांनंतर सात दुष्काळाची वर्षे येणार हे तर सांगितलेच, पण धान्य कणसात राखून ठेवा, खाण्यापुरतेच काढा, हेही न विचारता सांगितले. आणि हे सांगितले तेव्हा ते तुरुंगात होते. आधी मला सोडा, मग अर्थ सांगतो, असा सौदा त्यांनी केला नाही. खबर ज्यांची होती त्यांना ती सात वर्षे आधी मिळाली.

पण कपात सांगण्याचा सर्वात अवघड प्रसंग सीरतमध्ये आहे, तो हुनैननंतरचा. हिजरी ८, म्हणजे इसवी सन ६३०. लढाईत पुष्कळ जनावरे आणि माल हाती आला होता. जिइर्राना येथे वाटप झाले तेव्हा मक्केच्या सरदारांना, जे कालपरवापर्यंत विरोधात होते, शेकड्याने उंट मिळाले. मदिनेच्या अन्सारांना त्या देणग्यांतून काहीच मिळाले नाही. ज्यांनी अडचणीच्या काळात आसरा दिला त्यांचे हात रिकामे. कुजबूज सुरू झाली: आपले माणूस भेटल्यावर आपला विसर पडला.

इथे पहिली दाद द्यावी लागते ती खज्रजचे सरदार साद बिन उबादा (रजि.) यांना. ते मधल्या फळीतले माणूस. त्यांनी कुजबूज दाबली नाही, तिची भर घालून ती वाढवलीही नाही. ती जशीच्या तशी वर नेऊन सांगितली. प्रेषितांनी विचारले, तुम्ही स्वतः यात कुठे आहात? आपण आपल्या लोकांपैकीच एक आहोत, असे त्यांनी उत्तर दिले. हे उत्तर सोपे नाही. मधल्या माणसाला अशा वेळी वाटत असते की ‘लोक बोलतात, मी नाही’ असे म्हणून आपली जागा राखावी.

मग प्रेषितांनी अन्सारांना एका आवारात गोळा करायला सांगितले, फक्त अन्सारांना. त्यांच्या नाराजीची गोष्ट इतरांपुढे काढली नाही. त्यांनी विषय स्वतः काढला. तुमच्यात अशी अशी चर्चा आहे, असे सरळ म्हटले. त्यानंतर जे केले ते मला सर्वात विलक्षण वाटते. अन्सार अदबीने गप्प राहिले, तेव्हा त्यांची बाजू प्रेषितांनीच मांडली. तुम्ही असे म्हणू शकता, आणि म्हणाल तर ते खरे ठरेल, की लोकांनी खोटे ठरवलेला असा मी तुमच्याकडे आलो आणि तुम्ही विश्वास ठेवलात. हाकलून दिलेला आलो आणि तुम्ही आसरा दिलात. म्हणजे देणेकऱ्याने घेणेकऱ्याचे खाते स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवले. कारण सांगितले ते त्यानंतर, की नवख्यांची मने जोडण्यासाठी तो माल दिला. आणि शेवटी विचारले की इतर लोक शेळ्या-उंट घेऊन घरी जातील आणि तुम्ही अल्लाहच्या रसूलला घेऊन जाल, हे तुम्हाला पसंत नाही काय? दाढ्या भिजेपर्यंत ते लोक रडले, असे सीरतकार सांगतात.

आजचा साहेब या प्रसंगातून शेवटचे वाक्य तेवढे उचलील, अशी मला धास्ती आहे. ‘पैसा काय, आपण एक कुटुंब आहोत’ असली भाषणे हल्ली लहानसहान संस्थांतही होतात. पण जिइर्रानातले ते वचन भाषणापुरते नव्हते. मक्का हे जन्मगाव होते आणि आता ते जिंकलेलेही होते. तरी प्रेषित खरोखर अन्सारांबरोबर मदिनेला परतले, तिथेच राहिले आणि हिजरी ११ मध्ये तिथेच त्यांची वफात झाली. त्या वाट्याची किंमत पुरी चुकती झाली. ज्याला कामगारांबरोबर मदिनेला परतायचे नाही, त्याने ‘कुटुंब’ हा शब्द वापरू नये. त्याने आकडा सांगावा, तारीख सांगावी आणि गप्प बसावे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी १८ च्या सुमारास अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. मातीची राख झाली म्हणून त्या वर्षाला राखेचे वर्ष म्हणतात. लोकांना मिळेपर्यंत आपण तूप आणि मांस खाणार नाही, असे खलिफांनी ठरवले आणि पाळले; तेल खाऊन त्यांच्या चेहऱ्याचा रंग काळवंडला, असे सांगतात. इजिप्त आणि शामहून धान्य मागवले, जकातीची वसुली लांबणीवर टाकली. त्या चेहऱ्याला कपात जाहीर करण्यासाठी भाषणाची गरज पडली नसेल.

उलट उदाहरण मुंबईचे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. तरुण मुले-मुली गणवेशात रस्त्यावर आली, ती चित्रे देशभर दिसली. दोन-तीन दिवसांत अध्यक्ष नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. त्यांचे अश्रू आपल्याला पाहवले नाहीत, अशा अर्थाचे ते बोलले. मन द्रवले ते खरेच असेल, किंवा राजकीय दबावही असेल. पण ते चेहरे आधी पाहिले असते तर? समोरासमोर सांगण्याची सक्ती असली की निर्णय घेतानाच माणूस दोनदा विचार करतो. कागदावर माणसांचा आकडा कापता येतो. तोच आकडा एकेका डोळ्यात पाहून सांगायचा म्हटले की त्यातले दोन-चार वाचवण्याची युक्ती सुचते. (२०१९ च्या एप्रिलमध्ये ती कंपनीच जमिनीवर बसली, ती कथा निराळी.)

आपल्या समाजात या बाबतीत एक वाईट खोड आहे, ती इथे लिहितो. मालक कपात सांगतो आणि वर म्हणतो, ‘भाई, रिज्क देणारा अल्लाह आहे, सब्र करा.’ रज्जाक अल्लाहच आहे, यावर आपला ईमान आहे. पण हे वाक्य कोणी म्हणायचे? ज्याची रोजी गेली त्याने स्वतःशी म्हटले तर तो तवक्कुल. ज्याने कापली त्याने त्याला ऐकवले तर ती स्वतःची सुटका. सब्र ही माणसाने आपल्या संकटात आपल्यासाठी करायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या संकटावर, आणि तेही आपण आणलेल्या, तिचा उपदेश करणे ही उद्धटपणाची धार्मिक तऱ्हा झाली. मालकावर वेगळी गोष्ट फर्ज आहे. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याला पाठ आहे. ती देता येणार नसेल, तर निदान घाम येण्याआधी सांगावे.

आणि मालक म्हणजे कोणी दूरचा शेठ नव्हे. गावोगावच्या मशिदीची कमिटी ही मालकच आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने इमामांना वक्फ बोर्डांनी मानधन दिले पाहिजे असा निकाल दिला, तरी खेड्यात पेश इमाम आणि मुअज्जिन यांचा पगार आजही जमातीच्या चंद्यातूनच निघतो. २०२० चा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, तरावीह घरात, मदरशांचे सफीर चंद्यासाठी फिरू शकले नाहीत. चंदा आटला यात कोणाचा दोष नव्हता. पण त्यानंतर पुष्कळ ठिकाणी काय घडले? इमामसाहेबांना कोणीच काही सांगितले नाही. पाकीट आधी उशिरा आले, मग हलके आले, मग एक महिना आलेच नाही. खजिनदार सलाम घाईघाईने करून निघून जाऊ लागले. इमामांनी विचारावे तर लालची ठरतील, म्हणून त्यांनीही विचारले नाही. ज्याच्या मागे आपण पाच वेळा उभे राहतो, त्याच्यासमोर उभे राहायची हिंमत आपल्याला होत नाही.

कमिटीची बैठक होते तेव्हा इमामांच्या पगाराचा विषय निघाला की त्यांना बाहेर बसवतात किंवा बोलावतच नाहीत. हा अदब समजला जातो. माझ्या मते त्यांना आत बोलवावे, आणि हिशेबाची वही सदरांनी स्वतः त्यांच्यापुढे ठेवावी, मुअज्जिनच्या हाती निरोप पाठवू नये. वहीत मिनाराच्या कामासाठी बाजूला ठेवलेली रक्कम असते, नव्या फरशीची, भोंग्याची, जुलूसची असते. ती इमामसाहेबांना दिसेल. दिसू द्यावी. कदाचित ती पाहून सदरांनाच पहिले पान पुन्हा वाचावेसे वाटेल. आणि तरीही कापावे लागलेच, तर एप्रिलमध्ये सांगावे. मुलांच्या शाळेची फी जूनमध्ये असते; एप्रिलमध्ये कळले तर ते शिकवण्या वाढवू शकतात, दुसऱ्या गावच्या जमातीशी बोलू शकतात, बीबी-बच्चांना काही दिवस सासुरवाडीला पाठवू शकतात. मोहर्रम उलटल्यावर कळले तर फक्त दुकानदाराला तोंड चुकवत नमाजाला येऊ शकतात.